प्रागची पिवळी कार्डे

प्लूटोचे ग्रहपद गेल्याचा राग अमेरिकेत अजून शमलेला नाही. १९३० मध्ये त्याचा शोध ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत लागला, म्हणून त्या राज्याने २०२४ मध्ये चक्क कायदा करून त्याला आपला अधिकृत ग्रह ठरवले. या रागाचे खापर फुटते ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या माथी. विज्ञानात मतदान कसले, असा एक सवाल. आणि घेतलेच मतदान, तर सुमारे नऊ हजार सभासदांपैकी अवघ्या ४२४ जणांनी निकाल कसा लावला, हा दुसरा.

पहिला सवाल भारदस्त वाटतो, पण पोकळ आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये निसर्गाच्या कुठल्याही नियमावर मते पडली नाहीत. प्लूटोची कक्षा आणि वस्तुमान होते तसेच राहिले. ठरवायचे होते ते एवढेच, की ग्रह म्हणायचे कशाला. ते टाळताही येत नव्हते. जवळपास प्लूटोच्याच आकाराच्या एरिसचा शोध २००५ मध्ये जाहीर झाला होता आणि त्याचे बारसे कोणत्या समितीने करायचे, हे तो ग्रह की लघुग्रह यावर अवलंबून होते. असले संकेत माणसेच ठरवतात. मीटरची आजची व्याख्याही १९८३ मध्ये एका परिषदेतच मंजूर झाली.

दुसऱ्या सवालातला आकडा मात्र खरा आहे. ठराव प्रागच्या महासभेच्या अखेरच्या दिवशी आले, तोवर बहुतेक पाहुणे परतले होते. ग्रहाची व्याख्या सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष ओवेन गिंगरिच हेही त्यांत होते!

पण टीकाकार फक्त शेवटची मोजणी पाहतात, आधीचा आठवडा पाहत नाहीत. गिंगरिच यांच्या सात जणांच्या समितीने १६ ऑगस्टला मांडलेल्या मसुद्यात बारा ग्रह होते. सेरेस, एरिस आणि प्लूटोचा सोबती शेरॉन यांनाही त्यात बढती मिळाली होती. सभागृहात त्यावर वादळ उठले. ग्रहांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला’ ही अट लावून धरली आणि आठ दिवसांत बाराचे आठ झाले. अखेरच्या दिवशी प्लूटोवाल्यांसाठी एक मागचे दार उघडायचा प्रयत्न झाला. आठ ग्रहांना ‘अभिजात’ असे विशेषण जोडले, तर प्लूटोसारखे बटुग्रहही ग्रहांच्याच घरात राहिले असते. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांनी व्यासपीठावर छत्री आणि प्लूटो कुत्र्याचे खेळणे घेऊन हा पेच समजावून दिला. मग पिवळी कार्डे वर झाली. या विशेषणाच्या ठरावाला ९१ मते मिळाली आणि तो पडला. मूठभरांनी गुपचूप उरकलेला कारभार असा नसतो.

आता टीकाकारांना हवे तसे मतदान कसे झाले तेही पाहावे. २०१८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या हबलच्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे, ही शिफारस व्हिएन्नाच्या महासभेनंतर सर्व सभासदांपुढे इलेक्ट्रॉनिक मतदानासाठी ठेवली गेली. ११,०७२ पैकी ४,०६० जणांनी मत दिले. ७८ टक्के अनुकूल. लमेत्र यांना श्रेय मिळाले हे योग्यच. पण हबल आणि लमेत्र यांनी १९२८ च्या लायडन महासभेत या विषयावर विचारविनिमय केला, असे ठरावात म्हटले होते. त्याला पुरावा काय, असे इतिहासकारांनी विचारले, तरी ते विधान मंजूर ठरावात राहिलेच. घरबसल्या ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येते. वाक्य खोडता येत नाही.

म्हणजे दोष मतदारांच्या संख्येत कमी आणि मसुदा लिहिणाऱ्यांच्या बंद दारात जास्त आहे. प्रागचा पहिला मसुदाही अशाच दाराआड शिजला होता, तो सुधारला भर सभेत. तीन वर्षांतून एकदा भरणाऱ्या महासभेच्या तोंडावर मसुदा बाहेर काढायची ही सवय संघटनेने सोडली पाहिजे. तिचे खरे वैज्ञानिक काम विषयवार आयोगांत चालते. वादग्रस्त ठराव आधी या आयोगांत फिरवावा, हरकती जाहीरपणे मागवाव्यात, महासभेत दुरुस्त्या घ्याव्यात आणि मगच सर्वांची मते घ्यावीत. पुढची महासभा २०२७ मध्ये रोमला आहे. मसुदे आत्ताच खुले करायला हरकत नसावी.