बळाची खरी कसोटी

सातारा जिल्ह्याला बळाची महती सांगावी लागत नाही. गावोगावच्या तालमी, जत्रेतील कुस्त्यांचे फड आणि कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळविलेले कांस्यपदक यांचा या मातीला सार्थ अभिमान आहे. परंतु आखाड्यातील बळाला समोर प्रतिस्पर्धी लागतो. जिंकायचे ते स्वतःलाच असेल, तर बळ आजमावायचे कोठे? या प्रश्नाचे निम्मे उत्तर २०१६ च्या उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्याने दिले.

पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा त्या वर्षी कोरेगाव, वरुड आणि आंबेजोगाई या तीन तालुक्यांत झाली. ४५ दिवस गावकरी कुदळ, फावडे व घमेली घेऊन माळावर राबले. त्यांनी चर खणले, बांध घातले. कोरेगावातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवून ५० लाख रुपयांचे पारितोषिक पटकाविले. ही स्पर्धा गावागावांत झाली असली, तरी झुंज प्रत्येक गावाची स्वतःशीच होती. भावकीचे तंटे, निवडणुकीतील वैरे आणि ‘सरकार करील’ ही सवय खाली ठेवल्याखेरीज शंभर माणसे एका चरावर उभी राहत नाहीत.

स्वतःवर मात करणाऱ्या मानवाचा आदर्श जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने मांडला. पण त्याचा मानव एकाकी आहे आणि समुदायाविषयी त्याला तिटकारा आहे. कोरेगावच्या उतारांवर दिसले ते याच्या नेमके उलट होते: एकट्याला जे साधत नव्हते, ते समुदायात साधले.

मात्र येथेच थांबणे ही आत्मवंचना ठरेल. चर खणताना भूमिहीन शेतमजुराचाही घाम गळतो. मुरलेले पाणी मात्र विहिरीत उतरते आणि विहीर जमीनमालकाची असते. श्रम सर्वांचे आणि फळ सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचे, असा व्यवहार झाला, तर श्रमदान ही भूमिहीनाकडून घेतलेली नवी वेठच नव्हे काय? आळसावर मात करणे त्या मानाने सोपे. मालकीच्या अहंकारावर मात करणे कठीण.

ती अशक्य मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी वाटले गेले. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि उसाला बंदी झाली. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी लोकवर्गणीतून व वाळूच्या विक्रीतून बळीराजा धरण उभारले. तेथेही समान पाणीवाटपाचा आग्रह होता. या माणसांनी माती तर हलविलीच, मनातील मालकीही हलविली.

म्हणून कार्यकर्त्याने श्रमदानाला अवश्य जावे, परंतु कुदळीबरोबर एक प्रश्नही घेऊन जावे: या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती? बांध घालण्यापूर्वीच ग्रामसभेने याचे उत्तर ठरावाने नोंदवून घ्यावे. पाणी आल्यावर बळ दुसऱ्यावर चालविण्याचा मोह अनावर होतो. ते आपल्या लोभावर चालविणारे गावच खऱ्या अर्थाने बलवान म्हणावे लागेल.