हसू कोणाच्या मालकीचे?

दिवाळी अंक घरात आला की तो पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही. वडीलधारी माणसे राशिभविष्य शोधतात, आई कथेकडे वळते, कॉलेजातला भाऊ कवितेचे पान गुपचूप पाहून घेतो आणि लहान मुले थेट व्यंगचित्रांवर झडप घालतात. मी चाळिशी ओलांडली, कानशिले पांढरी झाली, दोन-तीन कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी अजून त्या लहान मुलांच्याच पंगतीला बसतो. आधी चित्रे, मग चकली, मग बाकीचे साहित्य!

माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, त्यांच्या जोरावर उदगिरात चित्रकलेचा मास्तर झालो. खरे विद्यापीठ मात्र आमच्या चौकातले केशकर्तनालय. तिथल्या बाकड्यावर फाटके 'चांदोबा', इंद्रजालचा वेताळ आणि कधीमधी जुने 'मार्मिक' पडलेले असत. हातातले पान संपेपर्यंत आपली पाळी येऊ नये म्हणून मी मागून आलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्या अदबीने पुढे बसवीत असे. न्हावीमामा म्हणत, "हे पोरगं लई गुणाचं!"

असा हा व्यंगचित्रांचा जन्मजात चाहता आज भर दिवाळीत भांडायला उभा राहिला आहे. भांडण चित्रकारांशी नाही. ते तुमच्याशी आहे, वाचकहो, आणि त्याआधी माझ्याशी आहे. तक्रार एका वाक्यात सांगतो: आपल्या निवडणुकांतले हसू चोरीला गेले आहे. पूर्वी आपण पुढाऱ्याला हसत होतो. आता पुढारी हसवतो आणि आपण हसतो. ज्याने हिशेब द्यायचा तोच सोंगाड्या झाला, आणि ज्यांनी हिशेब मागायचा ते टाळ्या पिटीत बसले!

आता असे पहा, आपल्या लोकशाहीचा श्रीगणेशाच मुळी चित्राने झाला. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात वाचता येणारी माणसे शंभरात जेमतेम अठरा. मग मत द्यायचे कसे? प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर चित्र चिकटवले. काँग्रेसची बैलजोडी होती, जनसंघाची पणती होती. आमचे उदगीर त्या वेळी हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. निजामाची राजवट जाऊन चार वर्षेही झाली नव्हती. ज्याने जन्मभर अंगठा उठवला, त्या माणसाने ते चित्र पाहिले, मनाशी काही ठरवले आणि पेटीत कागद टाकला. चित्र पाहून राज्यकर्ता निवडणारा हा समाज आहे. चित्राची ताकद त्याला शिकवायला नको.

राज्यकर्त्यांनाही तेव्हा ती ठाऊक होती. १९४८ साली दिल्लीत 'शंकर्स वीकली' निघाले, ते पंडित नेहरूंच्या हस्ते. मला सोडू नका, असे पंतप्रधानांनीच शंकरना सांगितले, आणि शंकरनी तो शब्द पाळला. १९६० च्या ऑगस्टात मुंबईत 'मार्मिक' निघाले, तेही महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. म्हणजे ज्याच्या नाकाचे उद्या चित्र निघणार, तोच आदल्या दिवशी कुंचल्याला हार घालून गेला! लक्ष्मण यांचा तो चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस वर्षानुवर्षे मंत्र्यांच्या मागे मुका उभा राहिला. तो कधी बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर खोटे बोलणे अवघड होते.

कोणी म्हणेल, मास्तर, जुने ते सोने हा तुमचा नेहमीचाच पाढा. तसे नाही. चोरी कुठे झाली ते पाहण्यासाठी घर आधी कसे लावलेले होते ते सांगावे लागते.

चोरीचा पहिला धागा आपल्याच महाराष्ट्रात सापडतो. बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याची रेघ काय होती हे मी केशकर्तनालयाच्या बाकड्यावर अनुभवले आहे. दोन फटकाऱ्यांत माणूस उभा! पण त्याच 'मार्मिक'ने पुढे 'वाचा आणि थंड बसा' म्हणून कचेऱ्यांतल्या परप्रांतीय नोकरदारांच्या नावांच्या याद्या छापल्या. मंत्र्याच्या नाकावर रोखलेला नेम खाली उतरला आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकुनावर येऊन स्थिरावला. मराठी तरुणाची बेकारी खोटी होती असे मी म्हणत नाही; ती खरी होती, आणि रागही खरा होता. पण मी उदगीरचा माणूस. आमच्या बाजारात एका फर्लांगात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली कानांवर पडतात. शेजाऱ्याच्या नावाला हसायला शिकलो तर दुकानातला उधारीचा तांदूळ बंद होईल, एवढा विचार आम्हाला करावाच लागतो. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि चित्रकार पुढारी झाला. त्याच्या विनोदाला सभेतून टाळ्या मिळू लागल्या. टाळी मिळणारा विनोद आणि बोचणारा विनोद यांत फरक आहे, हे आपण विसरलो ते तेव्हापासून.

आचार्य अत्र्यांनी निवडणुकीत हसवले नाही काय? हसवले, पोट दुखेपर्यंत हसवले. पण समोर सत्ता बसली होती आणि त्या हशातून संयुक्त महाराष्ट्राची मागणी उठत होती. १९७७ साली पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध सभा घेत फिरले. लोक हसले आणि घरी जाऊन मतदानाचा निश्चय करून झोपले. त्या हसण्याला पुढचे पाऊल होते. आजच्या हसण्याचे पाऊल खुर्चीतून उठतच नाही.

पटत नसेल तर २०२२ चा जून आठवा. राज्यातले सरकार पडण्याच्या बेतात होते, आमदारांचा एक जथा दूर गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसला होता, आणि तिथून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर म्हणाले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" साऱ्या महाराष्ट्राने ते वाक्य डोक्यावर घेतले. गाणी झाली, लग्नाच्या वरातीत नाच झाले. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? वर्गात पोरांना म्हणूनही दाखवले. हसून झाल्यावर एका पोराने विचारले, "सर, त्या हाटिलाचं बिल कोण भरलं?" वर्ग चिडीचूप झाला. राज्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांत जो प्रश्न पहिल्यांदा उठायला हवा होता, तो आठवीच्या पोराने हसणे संपल्यावर विचारला! २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सभा गाजवल्या. ते स्वतः व्यंगचित्रकार; नेम वरच्या दिशेला होता हे मान्य. पण त्यांचा पक्ष त्या वेळी एकही जागा लढवीत नव्हता. लोक सभेला जात ते नाटकाला गेल्यासारखे, आणि परतत तेही तसेच.

पुढारी हसवू लागले याचा अर्थ ते हसणे सोसू लागले, असा मात्र करू नका. २०१२ च्या सप्टेंबरात असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना पोलीस ठाण्यात नेले. २०२२ मध्ये केतकी चितळे हिने शरद पवारांवरचा मजकूर पुढे पाठवला म्हणून ती महिनाभराहून अधिक काळ कोठडीत राहिली. तो मजकूर मला विनोद वाटत नाही. कोणाच्या आजारपणावर हसणे हा कोत्या मनाचा खेळ आहे. पण कोतेपणाला तुरुंग हे औषध कोणत्या वैद्याने सांगितले? आणि २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामरा याने एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले, तर ज्या सभागृहात ते म्हटले त्याचीच मोडतोड झाली. राज्यावर कधी हे बसले, कधी ते. पोलीस ठाण्याचा रस्ता तोच राहिला. आणीबाणीचे तर सांगायलाच नको. 'शंकर्स वीकली' ऑगस्ट १९७५ मध्ये बंद झाले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबात बसून वटहुकमावर सही करणारे राष्ट्रपती काढले, आणि भर सेन्सॉरशिपमध्ये ते छापूनही आले!

यावर एक आक्षेप असा की हसणे दुखावते, त्याचे काय? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या एका पाठ्यपुस्तकातले शंकरचे १९४९ चे चित्र संसदेत गाजले. त्यात घटनानिर्मितीची गोगलगाय आहे, तिच्यावर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. माझ्या वर्गात जयभीमनगरातली पोरे बसतात. बाबासाहेबांच्या पाठीमागे चाबूक पाहून त्यांच्या घरात काय होईल, हे दिल्लीतल्या समितीला कळले नसेल, मला कळते. ज्यांच्या आज्याने खरा चाबूक पाहिला, त्यांना 'हा गमतीचा चाबूक आहे' असे सांगणे सोपे नाही. पण म्हणून पुण्यात प्राध्यापक सुहास पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड करणे हे उत्तर होते काय? माझ्या मते ते चित्र फळ्यावर लावून तासभर बोलायला हवे होते: कोण कोणाला हसतो आहे, का हसतो आहे, आणि तू हे चित्र काढले असतेस तर चाबूक कोणाच्या हाती दिला असतास? चित्राला उत्तर चित्राने द्यावे. पुस्तकातले पान काढून टाकले की पोराच्या हातचा खडूही काढून घेतल्यासारखे होते.

हे सारे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो आहे. आता माझी गोष्ट ऐका.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे दिवस. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नववीतल्या एका मुलाने चित्र दिले. रस्त्यावर भला मोठा खड्डा, खड्ड्यावर आडवा पसरलेला शुभेच्छांचा फलक, फलकावर फक्त दोन जोडलेले हात, आणि खालून डोके वर काढणारा, सायकलसकट पडलेला एक मास्तर. नाव नाही, चेहरा नाही, पक्षाची निशाणी नाही. मला ते इतके आवडले की मी मधोमध लावले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. चौघे आत आले. भाषा गोड होती. "सर, हे काय लावायलाव? हे आमच्या साहेबांचे हात आहेत."

मी म्हणालो, "हातांवर नाव कुठे आहे?"

"नाव कशाला लागतंय? बोटातल्या अंगठ्या बघा की!"

हसू नका, वाचकहो. मीही तेव्हा हसलो नाही. मी आचारसंहितेचा आधार घेतला. सरकारी अनुदानाचा पगार, निवडणुकीच्या कामाची नेमणूक, उगाच वाद नको, असे स्वतःशी पुटपुटत चारही टाचण्या माझ्या हाताने काढल्या आणि चित्राची घडी करून खणात टाकली. चौघांनी नमस्कार केला. मुलगा व्हरांड्याच्या खांबाशी उभा होता. तो काही बोलला नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसून मी शेकडो माणसांच्या बोटांना शाई लावली, आणि दिवसभर मला माझ्याच बोटांची लाज वाटत राहिली.

तो मुलगा आता दहावीत आहे. यंदा दिवाळीच्या भित्तिपत्रकासाठी मी त्याला म्हटले, "काहीतरी गमतीचं काढ." त्याने फुलांची कुंडी काढून आणली. छायाप्रकाश अचूक, रेघ स्वच्छ. मी म्हणालो, "अरे, गमतीचं म्हणालो होतो." तो म्हणाला, "कुंडीच बरी आहे, सर."

हसू कोणी चोरले, असे मी वर विचारले. पुढाऱ्यांनी काही चोरले असेल. पण त्या एका पोराचे हसू त्यांनी नेले नाही. ते त्यांच्या हाती मी दिले, टाचण्यांसकट.

म्हणून यंदा ठरवले आहे. सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी तो खड्डा, तो फलक आणि ते जोडलेले हात पुन्हा भिंतीवर लागतील. पोराच्या डोक्यावर ओझे नको. चित्र मी नव्याने काढले आहे आणि खाली माझे पुरे नाव घातले आहे. अंगठ्या मात्र त्याने काढल्या होत्या तशाच ठेवल्या. गाड्या आल्या तर येऊ देत. खुर्ची देईन, चहा देईन, उरलेला चिवडाही देईन. चित्र काढणार नाही.

आणि तुम्ही एवढे करा. हा अंक चाळताना घरातले पोर एखाद्या चित्रापाशी खुदकन हसले, तर त्याला गप्प करू नका. जवळ घ्या आणि विचारा, "कोणाला हसलास रे? आणि का?" तो सांगू लागला तर फराळाचे ताट थोडा वेळ बाजूला ठेवून ऐका.