सही एजंटाची, जबाबदारी मालकाची

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लघुउद्योजकाने परदेशातून यंत्र मागवायचे ठरवले, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : 'चांगला एजंट गाठा, तो सगळे बघून घेतो.' हा सल्ला निम्माच खरा आहे. एजंट पुष्कळ काही बघतो. पण 'सगळ्या'ची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर नव्हे, तर मालाच्या मालकावर टाकली आहे. हा फरक लक्षात न घेता जो व्यवहार करतो, त्याला त्याची किंमत कधी बंदरावरच मोजावी लागते, तर कधी चार वर्षांनी आलेल्या नोटिशीत.

एके काळी हा प्रश्न आपल्या भागात फारसा नव्हता. १९९१ पर्यंत आयात म्हणजे दिल्लीचा परवाना. तो मिळवण्याची ताकद असलेले वालचंदनगरसारखे कारखाने मोजकेच होते. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला आणि २००७ पर्यंत बिगरशेती मालासाठी तो १० टक्क्यांपर्यंत उतरला. पुढे काही वस्तूंवर तो पुन्हा वाढला, पण दार उघडले ते उघडलेच. न्हावा शेवाचे बंदर १९८९ मध्येच सुरू झाले होते. आज बारामतीत पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो यांचे कारखाने आहेत. अशा मोठ्या उद्योगांकडे आयातीचे जाणकार पगारावर असतात. अडचण होते ती दूध प्रक्रियेचे सुटे भाग मागवणाऱ्याची, वापरलेले माग आणणाऱ्या कापड उद्योजकाची, इंदापूरकडे द्राक्ष-डाळिंबाच्या प्रतवारीचे यंत्र मागवणाऱ्या पॅकहाऊसवाल्याची. तो वर्षातून एखादाच कंटेनर आणतो आणि चूकही त्या एकाच कंटेनरात होते.

कागदांचा सात-बारा

जमिनीला जसा सात-बारा, तसे आयात मालाला 'बिल ऑफ एन्ट्री'. सर्वसाधारणपणे जहाज बंदराला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते संगणकावर दाखल व्हावे लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि नंतर रोज १० हजार रुपये आकार बसतो. बंदराचे आणि जहाज कंपनीचे भाडे वेगळेच. या कागदात मालाचा आठ आकडी वर्गीकरण क्रमांक, किंमत, मूळ देश आणि मागितलेली सवलत लिहायची असते. यातला एक आकडा चुकला तरी शुल्काचा दर बदलू शकतो.

हिशेबाचे उदाहरण घेऊ. भाडे आणि विमा धरून यंत्राची किंमत १० लाख रुपये आहे आणि मूळ शुल्क साडेसात टक्के आहे, असे समजा. ते झाले ७५ हजार. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेसात हजार. या १० लाख ८२ हजार ५०० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १ लाख ९४ हजार ८५०. एकूण भरणा २ लाख ७७ हजार ३५०. जीएसटीत नोंदलेल्या उद्योजकाला शेवटची रक्कम सामान्यतः वजावटीने परत मिळते, नोंद नसलेल्याला मात्र ती अंगावर पडते. यंत्राचा सौदा करण्यापूर्वीच हा हिशेब मांडून देतो, तो चांगला एजंट.

शुल्कापलीकडच्या अटीही त्यालाच ठाऊक असतात. वापरलेल्या यंत्राला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. बियाणे वा रोपे आणायची तर आयात परवाना आणि निर्यातदार देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. कीटकनाशकाची नोंदणी १९६८ च्या कायद्याखाली असावी लागते. यंत्र निर्दोष असले, पण त्याच्या लाकडी खोक्यावर कीडमुक्तीच्या प्रक्रियेचा शिक्का नसला, तरी माल अडकतो.

दोन धन्यांचा माणूस

मार्केट यार्डातला अडत्या आपल्या ओळखीचा आहे. पण कस्टम्स एजंट, ज्याला २०१३ पासून नियमांत 'कस्टम्स ब्रोकर' म्हणतात, तो निराळा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १४६ व्या कलमाखाली त्याला परवाना मिळतो, आणि त्यासाठी लेखी व तोंडी परीक्षा द्यावी लागते. हा परवाना विकता येत नाही की दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे त्याने ग्राहकाचे अधिकारपत्र घ्यायचे, त्याचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक आणि पत्ता पडताळायचा, त्याला कायद्याप्रमाणे वागण्याचा सल्ला द्यायचा आणि त्याने तो मानला नाही तर अधिकाऱ्याला कळवायचे. म्हणजे फी तुमच्याकडून घ्यायची आणि पहारा सरकारचा करायचा. म्हणूनच 'साहेबांशी ओळख आहे, किंमत कमी दाखवू' असे सांगणारा माणूस तुमचे भले करत नसतो. तो तुम्हाला खड्ड्यात घालतो आणि स्वतःचा परवानाही पणाला लावतो.

आता मुख्य मुद्दा. २०११ पासून शुल्काची स्वयं-आकारणी आली. आकडा आयातदार सांगतो, खाते तो तपासते. माल सुटला म्हणजे विषय संपला असे नाही. कमी भरलेले शुल्क एरवी दोन वर्षांपर्यंत आणि लबाडी असेल तर पाच वर्षांपर्यंत व्याजासह मागता येते, त्यावर दंडही बसतो. १४७ वे कलम सांगते की एजंटाने तुमच्या वतीने केलेली गोष्ट, उलट सिद्ध होईपर्यंत, तुमच्या माहितीने आणि संमतीनेच झाली असे धरले जाईल. 'मला इंग्रजी कळत नाही, एजंटानेच भरले होते,' हा बचाव तिथे फार काळ टिकत नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे स्वतःचा आयात-निर्यात कोड दुसऱ्याला वापरू देणे. 'नुसते कागद द्या, दर कंटेनरमागे पैसे घ्या,' हे आमिष बेकार पदवीधराला गोड वाटते. पण माल ज्याच्या नावावर, नोटीसही त्याच्याच दारात येते.

एजंट नकोच, असा याचा अर्थ नाही. मालक स्वतः कागद भरू शकतो, कायद्याची ना नाही. पण वर्षाला एक कंटेनर आणणाऱ्याने ते शिकत बसण्यापेक्षा जाणकाराला फी देणे शहाणपणाचे. फक्त मधल्या फॉरवर्डरवर विसंबून राहू नये. कागद प्रत्यक्ष कोणाच्या परवान्यावर भरले जाणार ते विचारावे. दाखल करण्यापूर्वी बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा मागवून मालाचे वर्णन, किंमत आणि सवलत स्वतः तपासावी. शुल्क शक्यतो आपल्याच खात्यातून भरावे. सारे कागद किमान पाच वर्षे जपावेत.

साखर कारखाना कसा चालवावा, ठिबकने ऊस कसा वाढवावा, हे या दोन तालुक्यांनी शिकून घेतले. आयातीचे कागद वाचणे त्याहून अवघड नाही. इथल्या उद्योजक संघटनांनी आणि महाविद्यालयांनी त्याचे वर्ग मराठीत चालवावेत. एजंट हवाच, पण त्याने भरलेला कागद वाचता येणारा मालकही हवा.