तुरीचा भुंगा वासावर येतो

मैत्रिणींनो, संक्रांतीनंतर नवी तूर घरात येते. ती भरण्याआधी थोडं वाचा.

हिंगणघाट, देवळीकडे कपाशीच्या शेतात टांगलेले कामगंध सापळे तुम्ही पाहिले असतील. त्यांत गुलाबी बोंडअळीच्या मादीसारखा वास असतो, त्यावर नर पतंग येऊन अडकतात. (२०१७ साली याच अळीने विदर्भातल्या कपाशीची फार नासाडी केली.) तुरीच्या भुंग्याचंही असंच. मादी वासाने नराला बोलावते आणि स्वतः शेंगादाण्यांच्या वासावर येते. शेतातच पिकत्या शेंगेवर अंडी घालते, म्हणून पोतं कितीही घट्ट बांधा, कीड आधीच आत आलेली असू शकते! दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, की ती अंडी समजा. अळी दाणा आतून पोखरते आणि महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर.

तेव्हा तुरीला दोन-तीन कडक उन्हं द्या. गार झाल्यावर किलोला चहाचा चमचाभर गोडेतेल चोळा, अंडी गुदमरतात. निम्मी तरी डाळ करून ठेवावी. डाळीत हा भुंगा फारसा वाढत नाही. कडूनिंबाचा पाला वाळवूनच घाला, नुसत्या पाल्यावर मात्र माझा भरवसा नाही. जुनी किडकी तूर नव्या डब्याशेजारी नको.

आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी फुकट दिल्या तरी घरात आणू नका. दमट हवेत त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्याच खोलीत निजलेल्या लेकरांच्या जिवावर बेततं.