जरा उजळ काढा हं!

भिवंडीच काय, कुठल्याही गावातल्या स्टुडिओत लग्नाची मुलगी आईबरोबर आली, की फोटोग्राफरला पुढचं वाक्य पाठ असतं. ‘जरा उजळ काढा हं!’ मग तो बिचारा डावीकडे एक छत्री, उजवीकडे एक छत्री लावतो, दोन्हींतले फ्लॅश सारख्याच ताकदीचे ठेवतो आणि कॅमेऱ्यावरचा तिसराही चालू ठेवतो. मुलगी उजळते खरी, पण नाक सपाट होतं, गालाचा उठाव जातो आणि पिठाच्या डब्यात डोकावून आल्यासारखा चेहरा कागदावर उतरतो.

यात फ्लॅशचा काही दोष नाही. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास विजेचा फ्लॅश वापरात आणला, त्याआधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. आज दोन-तीन फ्लॅश पिशवीत मावतात. पण दुसरा फ्लॅश पहिल्याची सावली पुसून टाकायला नसतो, तिला थोडी सौम्य करायला असतो. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी काढलेली चित्रतारकांची छायाचित्रं पाहा. दिवे एकाहून अधिक असत, पण सावली जागच्या जागी. तिच्यामुळेच तर चेहऱ्याला गोलाई येते. सावळ्या चेहऱ्याला तर बाजूने येणारा प्रकाश फारच मानवतो. गालाच्या हाडावर जी झळाळी येते, ती समोरून झोत मारून कधीच येत नाही.

भिवंडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमतं. मुख्य फ्लॅश एका बाजूला, डोळ्यांच्या जरा वर. दुसरा पलीकडून, निम्म्या ताकदीचा. किंवा ताकद तीच ठेवून थोडा लांब सरकवावा, कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. तिसरा असलाच तर मागून केसांवर, म्हणजे काळे केस गडद भिंतीत बुडत नाहीत. छत्री नसली तर समोर पांढरी चादर टांगावी. इथल्या यंत्रमागावरचं कोरं कापड मात्र नको, ते पिवळसर असतं आणि चेहराही तसाच करतं. हिरव्या डिस्टेंपरच्या भिंतीवर फ्लॅश आपटवला तर मुलगी आजारी दिसते, ते वेगळंच! आणि पहिल्याचा उजेड पाहून आपोआप पेटणारा फ्लॅश लावला असेल, तर हौशी काकांचा कॅमेरा आधी खाली ठेवायला लावावा. त्यांचा फ्लॅश उडाला की आपलेही उडतात.

आता हे उजळणं मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शात होतं, स्टुडिओपर्यंत जावंही लागत नाही. पण बघण्याच्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन बाहेर येते ती खरी मुलगी. पाहुण्यांची नजर फोटोवरून तिच्याकडे आणि तिच्याकडून फोटोकडे जाते. कुणीतरी हळूच म्हणतं, ‘फोटोत जरा वेगळी वाटत होती.’ ते ऐकायचं कुणी? फोटोग्राफर तिथे नसतो. ‘उजळ’ म्हणणारी आई स्वयंपाकघरात असते. मला विचाराल तर ही फसवणूक पाहुण्यांपेक्षा त्या मुलीचीच जास्त आहे. घरच्यांनीच तिला आधी सांगून ठेवलं, की तू आहेस तशी चालणार नाहीस.

फोटोग्राफरने अशा वेळी एकच करावं. समोरचा फ्लॅश बंद करावा, एक बाजूचा ठेवावा आणि आईला दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवावेत. तोवर मुलीला सांगावं, ‘ताई, जरा खिडकीकडे बघ.’