रॉड जळाला, ओव्हन नव्हे

पूर्वी दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळून, ट्रे भरून बेकरीत भाजायला न्यायचे. आता ते काम घरातला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, करतो. केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांसाठी तर ती हौसेची वस्तू राहिलेली नाही, पोटापाण्याचं साधन झाली आहे. तळेगावजवळच्या वराळे गावातल्या एखाद्या घरात तो ऐन हंगामात बंद पडतो आणि दुकानातून उत्तर येतं, ‘ताई, याचा पार्ट येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये नवा घेऊन टाका.’ अशा वेळी राग येतो आणि तो रास्त आहे.

कारण बिघडलेलं असतं काय? ओटीजीइतकं सरळ यंत्र स्वयंपाकघरात क्वचितच दुसरं असेल. वर-खाली तापणारे रॉड, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, टायमर आणि कोणता रॉड चालू करायचा ते ठरवणारा स्विच, एवढाच त्याचा संसार. रॉड म्हणजे धातूच्या नळीत नायक्रोमची तार, आणि ती नळीला टेकू नये म्हणून भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. वर्षानुवर्षं तापून-निवून एक दिवस ही तार तुटते. प्लग काढून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर पत्र्याचं झाकण उघडलं की रॉडची टोकं समोर दिसतात. वायरींचा फोटो काढून त्या सोडवायच्या आणि मल्टिमीटर लावायचा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या हजार वॅटच्या रॉडला साधारण 53 ओहम दिसायला हवेत. दोन रॉड एकामागे एक जोडलेले असतील तर आकडा वेगळा येईल; पण तार तुटली असेल तर मीटर हलतच नाही. दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. रॉडचं टोक आणि त्याची बाहेरची नळी यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर करंट बॉडीत उतरतो आहे. नवा रॉड बसवल्यावर हे पुन्हा बघायचं. आतली वायर बदलावी लागली तर साधी पीव्हीसीची चालत नाही, ती वितळते. उष्णता सोसणारी, फायबरग्लासच्या वेष्टनाचीच घ्यायची. आणि अर्थिंग धड नसलेल्या सॉकेटवर असा ओव्हन लावायचाच नाही.

मायक्रोवेव्हची गोष्ट मात्र निराळी, आणि ती स्पष्टच सांगायला हवी. त्याच्या आतला कपॅसिटर हजारो व्होल्टचा भार धरून ठेवतो, प्लग काढल्यावरही काही काळ. तो जीव घेऊ शकतो. त्यामुळे आतली फिरणारी काच, तिच्याखालचं चाक, फार तर ठिणग्या उडवणारा जळका मायका शीट बदलावा. शीट कात्रीने मापात कापून बसतो. बाहेरचं झाकण उघडायचं काम जाणत्या मेकॅनिकचंच.

वराळ्याच्या शेजारीच, आंबी-नवलाख उंबरेच्या बाजूला तळेगावची एमआयडीसी पसरली आहे. तिथल्या मेंटेनन्स खात्यांत आयटीआय झालेली मावळातली मुलं काम करतात. कारखान्यात मशीनचा हीटर गेला तर मशीन भंगारात काढा असं कुणी म्हणत नाही. पार्ट नंबर पाहिला जातो, स्टोअरमधून हीटर येतो, पाळी संपायच्या आत मशीन चालू होतं. तोच फिटर घरी आला की त्याच्या हातातलं कौशल्य अडून बसतं, कारण घरच्या ओव्हनचा पार्ट नंबर त्याला कुणी देत नाही. मग तो तळेगावहून लोकल पकडून पुण्याला जातो आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुना रॉड हातात धरून दुकानं पालथी घालतो. लांबी, जाडी, वॅट, टोकाचा आकार जुळला तर नशीब. या धडपडीचं मला मनापासून कौतुक आहे. पण ग्राहकाचा हक्क असा गल्लीबोळांत शोधत फिरायची पाळी यावी, हे चुकीचंच.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण सुट्या भागांची अडवणूक ही ग्राहकाची अडवणूक आहे, हे त्या निकालाने नोंदवून ठेवलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यासाठीचं संकेतस्थळही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आहेत. मात्र कंपनीने त्यात किती माहिती द्यायची, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलं आहे. युरोपीय संघाने मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे काही सुटे भाग 10 वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं; तिथे मर्जीचा प्रश्नच उरला नाही.

आपल्याकडेही मागणी एवढीच आहे आणि ती अवाजवी नाही. ओव्हन विकणाऱ्याने रॉड, थर्मोस्टॅट, टायमर, दाराची काच आणि बिजागऱ्या यांचे पार्ट नंबर माहितीपुस्तिकेत छापावेत, प्रत्येकाची किंमत जाहीर करावी, आणि ते किती वर्षं मिळतील हे विक्रीच्या वेळीच खोक्यावर लिहून द्यावं. हे सक्तीचं करायला ग्राहक व्यवहार विभागाने आणखी एका समितीची वाट पाहू नये.