खुर्ची सुटल्यावर

१८३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ मतदारसंघाला काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहासाठी उमेदवार हवा होता. तिथली काही मंडळी थेट जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे गेली. ॲडम्स आदल्या वर्षापर्यंत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचे वडीलही राष्ट्राध्यक्ष होते. १८२८च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांचा सपशेल पराभव केला होता. देशाचं सर्वोच्च पद भूषवलेल्या माणसाने आता साधा सदस्य म्हणून बाकावर जाऊन बसायचं, हे त्यांच्या घरच्यांनाही रुचलं नाही. ॲडम्स यांना मात्र त्यात काही कमीपणा वाटला नाही. लोकांनी निवडून दिलं असेल तर गावच्या पंचाचं कामही हलकं नसतं, अशी त्यांची भूमिका होती. ते निवडून आले आणि पुढे सुमारे सतरा वर्षं, अगदी मरेपर्यंत, त्याच सभागृहात काम करत राहिले.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या अजब गोष्टी आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांची मातृभाषा डच होती, गारफील्ड यांनी पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतःची सिद्धता दिली होती, वगैरे. त्या खऱ्या आहेत आणि रंजकही आहेत. पण सर्वांत विलक्षण गोष्टी घडल्या त्या व्हाइट हाउस सोडल्यानंतर, आणि त्याच सर्वांत कमी सांगितल्या जातात. एवढं मोठं पद गेल्यावर माणसाने करायचं काय, याबद्दल अमेरिकेची राज्यघटना काही सांगत नाही. ज्याने त्याने आपापली वाट शोधली. त्या वाटा आपल्या राजकारण्यांनी आणि मतदारांनीही नीट पाहाव्यात अशा आहेत.

ॲडम्स यांचंच पुढे पाहा. १८३६ साली सभागृहाने एक ठराव केला. गुलामगिरीविरुद्ध लोकांकडून आलेले अर्ज वाचायचे नाहीत, त्यांवर चर्चा करायची नाही, ते सरळ बाजूला ठेवायचे. ॲडम्स यांच्या मते सरकारकडे अर्ज करण्याच्या घटनादत्त हक्कावरच हा घाला होता. मग सत्तरीला टेकलेल्या या माणसाने सभागृहाला सुखाने बसू दिलं नाही. शेकड्याने अर्ज आणायचे, एकेक काढून उभं राहायचं, सभापतींनी बसवलं की दुसरा काढायचा, हा त्यांचा क्रम झाला. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारलं, की बावीस गुलामांच्या नावाने आलेला एक अर्ज माझ्याकडे आहे, तो या नियमात बसतो का? दक्षिणेकडचे सदस्य खवळून उठले. गुलामांनी अर्ज करायचा म्हणजे काय? निंदेचा ठराव आणा, हाकलून द्या, अशा मागण्या झाल्या. गदारोळ टिपेला पोचल्यावर ॲडम्स यांनी खुलासा केला, की त्या अर्जात गुलामगिरी रद्द करा असं म्हटलेलंच नाही, उलट ती राहू द्या असं म्हटलंय. अर्ज न वाचताच सभागृह पेटलं होतं, हे त्यांनी सगळ्यांसमोर दाखवून दिलं. १८४२ साली पुन्हा निंदेचा ठराव आला, तेव्हा ते दिवसचे दिवस स्वतःच्या बचावासाठी बोलत राहिले आणि अखेर विरोधकांनीच नाद सोडला. अर्ज बाजूला ठेवण्याचा तो मूळ ठराव मागे घ्यायला लावायला त्यांना आठ वर्षं लागली. ३ डिसेंबर १८४४ रोजी तो रद्द झाला.

मधल्या काळात ‘ॲमिस्टाड’ जहाजाचा खटला उभा राहिला. आफ्रिकेतून पळवून आणून क्युबात विकलेल्या माणसांनी त्या जहाजावर बंड केलं होतं आणि ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले होते. व्हॅन ब्यूरेन यांच्या सरकारला ती माणसं स्पेनच्या हवाली करायची होती. म्हणजे एका राष्ट्राध्यक्षाच्या सरकारविरुद्ध दुसरा माजी राष्ट्राध्यक्ष सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून उभा राहिला. ॲडम्स तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि त्या न्यायालयात कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते. भिंतीवर लावलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवून त्यांनी युक्तिवाद केला. ९ मार्च १८४१ रोजी न्यायालयाने त्या आफ्रिकनांना मुक्त केलं आणि हयात असलेले पस्तीस जण पुढे मायदेशी परतले. ॲडम्स यांची राष्ट्राध्यक्षपदाची चार वर्षं इतिहासकार फारशी यशस्वी मानत नाहीत. या एका खटल्यापुढे ती चार वर्षं फिकी पडतात, असं मला वाटतं.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी ते सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीतल्या सभापतींच्या दालनात वारले. त्या वेळी सभागृहाच्या सदस्यांत इलिनॉयमधून नुकताच निवडून आलेला एक वकील होता. त्याचं नाव अब्राहम लिंकन.

सगळेच माजी राष्ट्राध्यक्ष असे निघाले नाहीत. जॉन टायलर यांनी यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेची बाजू घेतली आणि बंडखोरांच्या काँग्रेसवर ते निवडूनही गेले. तिथे जागा घेण्याआधीच, जानेवारी १८६२ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्या देशाचं प्रमुखपद त्यांनी भूषवलं होतं त्याने त्यांच्यासाठी अधिकृत दुखवटा पाळला नाही, आणि ते योग्यच झालं.

युलिसिस ग्रँट यांची कथा वेगळ्या वळणाची आहे. पद सोडल्यावर १८७७ साली ते सपत्नीक जगाच्या प्रवासाला निघाले. १८७९च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले आणि मलबार पॉइंटवरच्या सरकारी निवासस्थानी त्यांचा मुक्काम होता. देशोदेशी राजेरजवाड्यांनी सत्कार केले, भेटी दिल्या. पण राष्ट्राध्यक्षाला तेव्हा निवृत्तिवेतन नव्हतं, आणि राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी त्यांनी लष्करातला हुद्दा सोडलेला असल्याने तिथलंही काही मिळत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये फर्डिनांड वॉर्ड नावाच्या भागीदारावर विश्वास ठेवून त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी सगळी पुंजी एका पेढीत गुंतवली. वॉर्ड एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन पेढी चालवत होता. मे १८८४ मध्ये ती बुडाली. ती वाचवण्यासाठी ग्रँट यांनी ऐन वेळी विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने घेतले होते, तेही गेले. व्हँडरबिल्ट कर्ज सोडून द्यायला तयार होते. ग्रँट ऐकेनात. युद्धातल्या तलवारी, पदकं, जगभरातून मिळालेल्या भेटवस्तू त्यांनी कर्जापोटी देऊन टाकल्या. त्यांतल्या वस्तू पुढे देशाच्या संग्रहालयात गेल्या.

त्याच वर्षी त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. आपल्यामागे पत्नीचं कसं होणार, या काळजीने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. मार्क ट्वेन यांनी त्यांना आपल्या प्रकाशन संस्थेतर्फे निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के देऊ केले. त्या काळी दहा टक्के मानधन हा रिवाज होता. घोटभर पाणी गिळतानाही आग व्हायची, शेवटी आवाज गेला तेव्हा ते चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचे, पण लेखन थांबलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॅकग्रेगरवरच्या एका घराच्या ओसरीत, उन्हाळ्यातही लोकरी टोपी घालून आणि गळ्याभोवती कापड गुंडाळून खुर्चीत बसलेले ग्रँट छायाचित्रात दिसतात. २३ जुलै १८८५ रोजी ते वारले, पुस्तक पुरं करून काही दिवसच झाले होते. ज्युलिया ग्रँट यांना त्या पुस्तकाचे चार लाख डॉलरहून अधिक मिळाले. प्रामाणिक, नेटक्या गद्याचा नमुना म्हणून ते आजही वाचलं जातं.

विल्यम टॅफ्ट यांना मुळात राष्ट्राध्यक्ष व्हायचंच नव्हतं, त्यांचा जीव न्यायालयात होता. १९१२ची निवडणूक हरल्यावर ते येलमध्ये कायदा शिकवू लागले आणि १९२१ साली सरन्यायाधीश झाले. दोन्ही पदं भूषवणारा दुसरा माणूस अमेरिकेत झालेला नाही. सर्वोच्च न्यायालय तोवर संसदेच्याच इमारतीत भरत असे. त्याला स्वतःची इमारत हवी, म्हणून टॅफ्ट यांनी काँग्रेसमागे लकडा लावला. ती १९३५ साली उभी राहिली, टॅफ्ट यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.

हर्बर्ट हूवर यांच्या नावाला तर महामंदीचा डाग होता. रूझवेल्ट यांनी त्यांना बारा वर्षं सरकारच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. १९४६ साली जगावर दुष्काळाचं सावट आलं, तेव्हा विरोधी पक्षाच्या ट्रूमन यांनी हूवर यांना बोलावून अन्नटंचाईच्या पाहणीसाठी जगभर पाठवलं. ते भारतातही आले होते. पक्ष बाजूला ठेवून अनुभवी माणसाला कामाला लावण्याचं हे औदार्य ट्रूमन यांचं, आणि जुना अपमान विसरून निघण्याचं हूवर यांचं.

ट्रूमन स्वतः १९५३ साली पायउतार झाले आणि मिसूरीतल्या आपल्या इंडिपेन्डन्स गावी गेले. त्याच उन्हाळ्यात ते पत्नीला घेऊन स्वतः गाडी चालवत पूर्व किनाऱ्यापर्यंत गेले. सोबत अंगरक्षक नाही, ताफा नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या महामार्गावर एका पोलिसाने त्यांना रीतसर थांबवलं, कारण ते मागच्या गाड्यांना वाट देत नव्हते. माजी राष्ट्राध्यक्षांना १९५८ पासून कायद्याने निवृत्तिवेतन मिळू लागलं, त्यामागे ट्रूमन यांच्या हलाखीची चर्चा होती. पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून मात्र ती हलाखी बरीच वाढवून सांगितलेली होती, असं दाखवून देण्यात आलं आहे. आवडत्या नेत्याबद्दल हेही सांगायला हवं.

आणि जिमी कार्टर. १९८० साली रेगन यांच्याकडून हरले तेव्हा ते ५६ वर्षांचे होते, आणि जॉर्जियातल्या प्लेन्स या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावी परतले तेव्हा शेंगदाण्याचा घरचा धंदा कर्जात बुडालेला होता. तो त्यांनी विकला, पुस्तकं लिहिली आणि दोन शयनकक्षांच्या जुन्या घरातच राहिले. मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जायला त्यांनी नकार दिला. त्यांच्या आई लिलियन यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, मुंबईत विक्रोळीला येऊन परिचारिका म्हणून काम केलं होतं, कुष्ठरुग्णांची सेवा केली होती. ते संस्कार घरातच होते. कार्टर यांनाही महाराष्ट्राने काम करताना पाहिलं आहे. २००६ साली लोणावळ्याजवळच्या मळवलीला गरिबांसाठी शंभर घरं बांधायच्या उपक्रमात ८२ वर्षांचे कार्टर हातोडा घेऊन उतरले होते.

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र नारूचं. महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला नारू सांगायला नको. साचलेल्या पाण्यातल्या बारीक जिवांतून तो पोटात जातो आणि वर्षभराने पायाच्या फोडातून हातभर लांब जंत बाहेर येऊ लागतो. ओढला तर तुटतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा काढायचा. आग शमवायला रोग्याने पाय पाण्यात बुडवला की तेच पाणी पुन्हा दूषित. यावर लस नाही आणि औषधही नाही. पाणी फडक्याने गाळून पिणं आणि रोग्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणं, एवढाच उपाय. भारताने १९८०च्या दशकात स्वतःची मोहीम सुरू केली आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. कार्टर यांच्या संस्थेने हीच लढाई जगभर, मुख्यतः आफ्रिकेत, गावोगाव नेली. १९८६ साली २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ साली साऱ्या जगात १४ रुग्ण होते. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू असताना कार्टर यांनी दोन्ही बाजूंना काही महिने शस्त्रं खाली ठेवायला लावली, आरोग्यसेवकांना खेड्यांत जाता यावं म्हणून. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

दुसरी वाटही अमेरिकेत रुळली आहे. जेराल्ड फोर्ड यांनी कंपन्यांची संचालकपदं घेतली. रेगन यांनी १९८९ साली जपानमधल्या भाषणांसाठी वीस लाख डॉलर घेतले, आणि नंतरच्यांनी त्याहून पुढे मजल मारली. बेकायदा यात काही नाही. पण लोकांनी दिलेली प्रतिष्ठा बाजारात विकायची की लोकांच्याच कामी लावायची, हा प्रश्न उरतो, आणि त्यात कार्टर यांची बाजू घ्यायला क्षणभरही अडखळायचं कारण नाही.

आपल्याकडे माजी मुख्यमंत्र्यांनी सरकारी बंगला आयुष्यभर धरून ठेवू नये, हे उत्तर प्रदेशच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मुख्यमंत्री राहिलेल्याने पुढे दुसऱ्याच्या हाताखाली मंत्री होणं महाराष्ट्राला नवं नाही, शंकरराव चव्हाणांपासून आजपर्यंत ते घडत आलं आहे. पण ते शेवटी सत्तेतलंच पद. पद गेल्यावर सत्तेबाहेरचं काम शोधणारी माणसं आपल्याकडेही होती. चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून निघाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची, नंतर दिल्ली विद्यापीठाची जबाबदारी त्यांनी वाहिली. अब्दुल कलाम २०१५ साली शिलाँगला विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देताना गेले. अशी नावं मात्र मुद्दाम आठवावी लागतात आणि थोड्यात संपतात.

गावातली पाणी समिती, शाळेची व्यवस्थापन समिती, तालुक्याचं वाचनालय, सरकारी दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती या सगळ्यांना ओळखी असलेला, कागद कुठे अडतो ते ठाऊक असलेला माणूस हवा असतो, आणि माजी आमदार, माजी मंत्री प्रत्येक तालुक्यात आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतील, तेव्हा निवडून आल्यावर काय करणार हे तर विचाराच. हरलात तर काय करणार, हेही त्यांना विचारा.